प्रूफ प्रेस पावसाआधी उचलायचा आहे: सभासद, माजी सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार, वि. वि.

शेवटपर्यंत वाचणारे कमी, म्हणून मुद्दा आधी सांगतो. आपण लिनोवर कोरलेली चित्रे ज्यावर छापतो तो प्रूफ प्रेस (सपाट बेडवरून सिलिंडर फिरवून हाताने छाप घ्यायचे यंत्र) पुरात उचलता यावा म्हणून कार्यशाळेत गर्डर टाकून 1 टनाची चेन पुली बसवायची आहे. शाईच्या दोन रुळांवर नवे रबर चढवून आणायचे आहे. दोन्ही कामे 15 जूनच्या आत व्हायला हवीत. पैसे कमी पडताहेत, माणसे त्याहून कमी पडताहेत.

आपली जागा पूररेषेत आहे हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये प्रेस पाण्याखाली गेला. खरा त्रास पाणी ओसरल्यावर सुरू होतो. पंचगंगेचा गाळ मैद्यासारखा बारीक. तो बेअरिंगमध्ये आणि सिलिंडर ज्यावर चालतो त्या दातेरी पट्टीत शिरतो, वाळला की घट्ट बसतो, आणि तशात कोणी उत्साहाने हँडल फिरवले की दाते झिजतात. म्हणून गाळ ओला आहे तोवर साध्या पाण्याने धुवायचा, मग डिझेलने, मग ग्रीस. बेडवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो, त्याचे एवढे नाही. सिलिंडरला पडलेले खड्डे मात्र त्यावरच्या कागदी पॅकिंगमधूनही छापात पांढरे ठिपके होऊन उतरतात. आपल्या सिलिंडरला डाव्या अंगाला असे खड्डे आहेत, म्हणून ब्लॉक (कोरलेला ठसा) उजवीकडे सरकवून लावायचा, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगावे लागते. तिसऱ्यांदा बुडाला तर उजवे अंगही जाईल.

बेत असा: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेले की इशारा, 43 ला धोका. इशारा लागला की प्रेस उचलायचा, 43 ची वाट बघत बसायचे नाही. प्रेस सुमारे 400 किलोचा आहे आणि तो सुटा करून हलवणे धोक्याचे, कारण सिलिंडर आणि बेड यांमधले अंतर एकदा बिघडले की पुन्हा जुळवायला जुना माणूस शोधावा लागतो. छताला नुसते हूक मारून भागणार नाही. समोरासमोरच्या दोन कॉलमवर बसणारा आय सेक्शनचा गर्डर, त्याला पुली, चार टोकांना पट्टे. वर उचलला की खाली पाइपचे घोडे लावून प्रेस त्यांवर टेकवायचा, पुलीवर लटकत ठेवायचा नाही. भिंतीवर 2021 च्या पाण्याची खूण आहे, तिच्या दोन फूट वर बेडचा तळ राहील असा हिशेब केला आहे.

हा प्रेस आपल्याकडे आला कसा, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. लक्ष्मीपुरीतल्या छापखान्याच्या काकांनी धंदा बंद केला तेव्हा शिशाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरे) भंगारात गेले, ट्रेडल (पायाने चालवायचे छपाईयंत्र) गेले. प्रूफ प्रेससाठीही भंगारवाला वजनकाटा घेऊन दारात उभा होता. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि प्रेस आपल्याला दिला. वर लाकडी टाइपांची दोन कपाटे, कुस्त्यांच्या भित्तीपत्रकांचे हातभर उंचीचे आकडे, गुळाच्या अडत दुकानांची लेबले छापायचे ब्लॉक आणि लग्नपत्रिकांचे गणपती. एवढ्यावर न थांबता पुढे कित्येक रविवार ते स्वतः येऊन बसले आणि ब्लॉकखालचे पॅकिंग, म्हणजे ब्लॉक खिळ्याच्या उंचीला आणणे, शिकवले. खिळ्याची उंची 23.3 मि.मी. प्रेस त्याच उंचीला बांधलेला. आपला लिनो (कोरायचा लिनोलियमचा तुकडा) 3.2, खालचा प्लाय 18, झाले 21.2; उरलेले दोन मि.मी. पुठ्ठ्याने भरायचे, आणि शेवटचा फरक कागदाने. पुठ्ठा कमी पडला तर मधला भाग फिका येतो, जास्त झाला तर शाई कोरलेल्या खाचांत उतरते आणि बारीक रेघा बुजतात. नवीन मुले फिका छाप पाहून आधी शाई वाढवतात. काका आधी पुठ्ठा बघायला लावायचे. आपले नाव कुठे छापायचे नाही अशी त्यांची ताकीद आहे, ती पाळतो. काकूंनी दिलेल्या जुन्या सुती लुगड्यांची फडकी अजून पुरताहेत.

उद्यमनगरातल्या टर्नर मित्राचे ऋण तर फेडता येण्यासारखे नाही. दोन्ही पुरांनंतर प्रेसचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) त्याने बनवून दिले. बिल मागितले की म्हणतो, एक प्रिंट द्या. त्याच्या वर्कशॉपची एक भिंत आता आपल्या प्रिंटांनी भरली आहे, आणि खरे सांगायचे तर शहरातल्या कुठल्याही दालनापेक्षा तिथे ती नीट लावलेली आहेत.

निवृत्त कलाशिक्षक सरांनी हत्यारांना धार लावणे शिकवले म्हणून आज एवढी मुले कोरताहेत. व्ही आकाराच्या पटाशीची दोन्ही पाती सारखी घासली गेली नाहीत तर टोकाला एक नाक राहते आणि रेघेची कड फाटते. ते नाकच घासून टाकायचा मोह होतो. सर आधी दोन्ही बाहेरच्या बाजू समान करायला लावतात आणि आतली लव (घासताना उठलेली बारीक कड) दुमडलेल्या पॉलिश पेपरने शेवटी काढायला सांगतात. देवनागरी उलटी कोरण्याचे धडेही त्यांचेच. शिरोरेषा एका दमात कोरायची, रफार आणि अनुस्वार यांच्या बाजू आतून पोखरायच्या नाहीत, बाहेर उतरत्या ठेवायच्या. सरळ उभा कोरलेला अनुस्वार पाचसहा छापांतच उडतो आणि मग ‘अंबाबाई’ची ‘अबाबाई’ होते.

आता रुळांचे. जुने रबर केरोसीनने आणि वयाने कडक झाले आहे, वर चकाकी आली आहे. असा रूळ शाई कडेला टाकतो आणि मध्ये सोडतो, छाप मीठ शिंपडल्यागत येतो. मोठ्या रुळाला तर आडवी चीर गेली आहे. रूळ 75 मि.मी. व्यासाचा, म्हणजे दर साडेतेवीस सें.मी.ला तीच पांढरी रेघ पुन्हा उमटते. मोठ्या ब्लॉकवर दोनदा दिसते. शाई वाढवून ती झाकत नाही. 30 शोअरच्या (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचे माप) आसपासचे मऊ रबर चढवून घ्यायचे आहे. पुढे ते टिकवायचे तर रूळ काचेवर ठेवून घरी जायचे नाही (एका रात्रीत सपाट पट्टा पडतो), टांगून ठेवायचा. पुसताना आधी सोयाबीन तेल, मग साबणपाणी. केरोसीन आणि थिनर बंद म्हणजे बंद. आणि शाईने माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडके आपोआप पेटते. पाणी घातलेला झाकणाचा डबा दाराशी आहे, तो शोभेला नाही.

रविवारच्या बैठकीला फी नाही, पुढेही नसेल. ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला दाखवायचे, एवढाच नियम. प्रेसशिवाय घरी भाताच्या वाढणीने घासून छाप कसा घ्यायचा, पावसाळ्यात शाई चार-चार दिवस वाळत नाही तेव्हा दुसरा रंग कधी चढवायचा, हातकागद दमटपणाने फुगला की रंग जुळत नाहीत म्हणून सगळे ताव आदल्या रात्रीपासून एकाच पिशवीत का ठेवायचे, हे सगळे तिथल्या टेबलावरच शिकले-शिकवले गेले. बंगाली चित्रकार चित्तप्रसादांनी मुंबईत राहून बालमजुरांवर केलेले लिनोकट दाखवले त्या रविवारी मुलांनी घरी जायला उशीर केला. यंदाच्या प्रिंटांच्या अदलाबदलीत बारा जणांनी प्रत्येकी 14 प्रिंटे काढली: बारा एकमेकांना, एक संग्रहाला, एक विक्रीला. त्या विक्रीतूनच थोडी गंगाजळी उभी राहिली.

थोडे कडू लिहितो, राग मानू नये. दिवाळीत असेच आवाहन केले होते. अंगठे पुष्कळ आले, हात जोडलेली चित्रे आली. रूळ धुवायला रविवारी आली ती नेहमीचीच पाच माणसे. कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणून भाषणात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या इथल्या जुन्या चित्रकारांची नावे घेणाऱ्यांना आपल्या दाराची पायरी अजून सापडलेली नाही. एका संस्थेने प्रदर्शनासाठी नेलेली प्रिंटे घडी पडून परत आली, सोबत आभाराचे पत्रही नव्हते. त्यांना आम्ही काही बोललो नाही. पण प्रेस वाचवायला आपलीच माणसे आली नाहीत, तर ते मात्र लागेल.

खर्च: गर्डर, पुली, फॅब्रिकेशन 38,000; दोन रूळ 9,000; काळी शाई व लिनो 5,000. एकूण 52,000. हातात 17,500. कमी 34,500. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल, देणगीवरची प्राप्तिकर सवलत नाही. खाते क्रमांक पावतीपुस्तकावर व गटावर आहे. रोख फक्त खजिनदारांकडे द्यावी. वस्तुरूपाने: 18 मि.मी. प्लायचे तुकडे (ए 4 पेक्षा लहान नकोत), जाड पुठ्ठा, सुती कापड, काळ्या ऑफसेट शाईचे अर्धवट डबे (साय आम्ही काढू). सिंथेटिक साड्या नकोत, शाई टिपत नाहीत. गर्डर चढवायला येत्या दोन्ही रविवारी सकाळी 8 ला किमान आठ माणसे हवीत, चपला नकोत, बूट घालून यावे. वेल्डिंग येणारे कोणी ओळखीत असेल तर आधी कळवावे.

कळावे, लोभ असावा.
आपला,
चिटणीस

ता. क. मोठा हातरूळ आणि व्हीच्या दोन पटाश्या कोणाच्या तरी घरी गेल्या आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी काही न बोलता कपाटात आणून ठेवल्या तरी चालेल. कपाटाला कुलूप नसते.