सायलेन्सरवरचा कर गेला, नोंदणी तरी राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवर १९३४ पासून असलेला २०० डॉलरचा केंद्रीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला आहे. आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांनाही हीच सवलत मिळाली. मशीनगनवरचा कर मात्र कायम आहे. ज्यांची मुलेबाळे तिकडे स्थायिक झाली आहेत, त्या घरांत या बदलाविषयी काळजीने बोलले जाते. ती काळजी रास्त आहे, पण तिचा रोख कराकडे असतो आणि तिथेच माझा मतभेद आहे. कर गेल्याचे मला दुःख नाही. त्या कराच्या आधाराने इतकी वर्षे उभी असलेली नोंदणी आता डळमळीत झाली आहे, हे मला कितीतरी अधिक गंभीर वाटते.

मी कानाचा डॉक्टर आहे, म्हणून आधी आवाजाविषयी लिहितो. काही वर्षांपूर्वी पुतण्याबरोबर तिथल्या एका नेमबाजीच्या मैदानावर गेलो असताना मी सायलेन्सर हातात घेऊन पाहिला. वीतभर लांबीची धातूची नळी आणि तिच्या आत एकामागे एक बसवलेल्या, मधोमध भोक असलेल्या चकत्या. गोळीमागून उसळणारा तप्त वायू त्या चकत्यांत अडत, पसरत, थंड होत बाहेर पडतो. दुचाकीच्या सायलेन्सरचेही तत्त्व हेच आहे, आणि १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवणारे हायरम पर्सी मॅक्सिम यांनी इंजिनांच्या आवाजावरही काम केले होते. (मशीनगनचे जनक हायरम मॅक्सिम हे त्यांचे वडील.) सायलेन्सर लावलेल्या रायफलीचा बार झाला, तेव्हा कानांवर संरक्षक असूनही मी दचकलो. चित्रपटात ऐकू येते तशी हलकी फुसफुस प्रत्यक्षात नसते. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, सायलेन्सर त्यातले साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो, आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका त्याला रोखताच येत नाही.

तरीही ही घट थोडी नव्हे, कारण ३० डेसिबल कमी होणे म्हणजे ध्वनीची तीव्रता एक हजारांशावर येणे. एका क्षणात १४० डेसिबलच्या वर गेलेला आवाज आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी कायमच्या मारू शकतो आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. अशा आवाजाने ज्यांचे कान गेले, त्यांतले कित्येक रुग्ण रात्रभर कानात वाजणारी शिट्टी ऐकत जागे असतात, आणि ती थांबवणारे औषध मी त्यांना देऊ शकत नाही. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात, त्यामागे श्रवणरक्षण हे मोठे कारण आहे. कानाला वाचवणाऱ्या वस्तूवर दंड वाटावा असा कर असणे मला कधीच पटले नव्हते.

नोंदणीची गोष्ट वेगळी आहे. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच येथे १२ जणांचा बळी घेणाऱ्याच्या एका पिस्तुलाला सायलेन्सर होता. आवाज दबला की गोळीबार कुठून होतो आहे, किंबहुना हा गोळीबारच आहे का, हे ओळखायला वेळ लागतो, आणि इमारतीत अडकलेल्या माणसाजवळ तेवढा वेळ नसतो. ही वस्तू कोणाच्या हाती जाते याची सरकारदप्तरी नोंद असावी, अर्जदाराचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जावेत, त्याची पार्श्वभूमी तपासली जावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. याच पद्धतीने रीतसर नोंदणी झालेल्या मशीनगन गुन्ह्यांत क्वचितच आढळतात, हे विसरून चालणार नाही.

अडचण कायद्याच्या घडणीत आहे. हा कर आणि ही नोंदणी आणणारा १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट हा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कर लावण्याच्या अधिकारावर बेतलेला होता. त्या काळी २०० डॉलर ही रक्कम जवळजवळ एका थॉमसन सबमशीनगनच्या किमतीएवढी होती. नाव कराचे असले तरी हेतू खरेदी रोखण्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये सोन्झिन्स्की खटल्यात हा कायदा उचलून धरला, तोही कराचा कायदा म्हणूनच. २०२५ च्या ज्या अर्थसंकल्पीय विधेयकातून करात बदल झाला, त्यात सायलेन्सरची नोंदणीही काढून टाकण्याचा प्रयत्न होता. परंतु अशा विधेयकात महसूल आणि खर्च यांपलीकडचे विषय घालता येत नाहीत, या सिनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) नियमामुळे तो फसला. मग कर तेवढा शून्य झाला. आता करच नाही तर त्याच्यासाठी केलेली नोंदणी कशाच्या बळावर, असे विचारत वादी न्यायालयात गेले आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर हा प्रश्न पोकळ नाही.

आखूड नळीच्या बंदुकांबाबतचा घोळही याच आडवळणातून आला. १९३४ च्या मूळ विधेयकात पिस्तुलेही होती आणि रायफल कापून कोणी पिस्तूल करू नये म्हणून नळीच्या लांबीची अट घातली होती. पुढे पिस्तुले विधेयकातून वगळली, अट मात्र राहिली. परिणामी आजही १५ इंच नळीच्या रायफलीला केंद्रीय नोंदणी लागते आणि खिशात मावणाऱ्या पिस्तुलाला लागत नाही.

अमेरिकी काँग्रेसने सायलेन्सरची नोंदणी सार्वजनिक सुरक्षेसाठी हवी असे सरळ शब्दांत म्हणणारा, कराचा आडोसा न घेणारा स्वतंत्र कायदा करावा. त्यात अर्ज विनाशुल्क आणि ठरलेल्या मुदतीत निकाली निघावेत, म्हणजे शिकाऱ्यालाही कानाच्या संरक्षणासाठी महिनोन्‌महिने ताटकळावे लागणार नाही. नळीच्या लांबीची अट ठेवायची असेल तर तिचे आजचे कारण सांगावे, नाहीतर ती काढावी. न्यायालयाने नोंदणी रद्द ठरवल्यानंतर असा कायदा नव्याने संमत होण्याची शक्यता फारच कमी आहे. म्हणून तो निकालाआधी व्हायला हवा.

आपला विश्वासू,
एक वाचक
(कान-नाक-घसा तज्ज्ञ)