डाग नव्हे, गेलेली झळाळी

मा. संपादक,

बेळगावच्या बसमध्ये परवा कॉलेजची दोन मुले ‘टार्निश’ या इंग्रजी शब्दावर बोलत होती. एक म्हणाला, ‘म्हणजे बदनामी.’ तेवढ्यात खानापूर आले, मी उतरलो. पण शब्द डोक्यात राहिला.

हा शब्द फ्रेंच ‘तेर्निर’वरून आला, अर्थ, निस्तेज होणे. मूळ वापर धातूसाठी. हवेतल्या गंधकामुळे चांदीचे निरांजन काळवंडते, ते टार्निश. म्हणून आधी ज्याला चमक होती त्याच्याच नावाला हा शब्द शोभतो. मुळातच कुप्रसिद्ध माणसाची प्रतिमा कशी टार्निश होणार? बातम्यांत आपण सरसकट ‘प्रतिमा डागाळली’ लिहितो. डाग एका जागी पडतो, इथे मात्र सगळी झळाळीच उतरते. ‘काळवंडली’ हे क्रियापद मला जास्त जवळचे वाटते.

आपल्याकडे याहून सुंदर शब्द आहे, अब्रू. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी आणि तेजही, ‘रू’ म्हणजे चेहरा. ‘आब राखून वागणे’ यातला आब तोच. कोर्टात आपण अब्रुनुकसानीचा दावा म्हणतो, शेजारचा कन्नड भाषक ‘माननष्ट मोकद्दमे’ म्हणतो; नव्या भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानीच्या गुन्ह्यासाठी कलम ३५६ आहे. मुलांना इंग्रजी शब्द शिकवताना शिक्षकांनी ‘टार्निश’, ‘अब्रू’ आणि ‘माननष्ट’ हे तिन्ही शब्द शेजारी ठेवून दाखवावेत, ही कळकळीची विनंती. सीमाभागातल्या मुलांच्या कानावर या तिन्ही भाषा रोज पडतातच.

– एक निवृत्त शिक्षक, खानापूर