आईचा हात ओळखणाऱ्या काकूंना

आदरणीय काकूंना,
सादर नमस्कार.

माझ्या आईची अर्धवट राहिलेली क्रोशाची चादर पुरी करून दिल्याचा आपण मोबदला घेतला नाहीत, संक्रांतीला पाठवलेली साडीसुद्धा "मी आता कुठे नेसणार" असे म्हणून परत केलीत. तेव्हा आभार मानायला हे जाहीर पत्र एवढीच वाट आम्हाला उरली. आपले नाव त्यात घालू नये, ही आपली अट पाळली आहे. नागपूरच्या महाल भागातल्या ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या घरात हाताने काही ना काही करीत राहणे हा कधी छंद म्हणून गणला गेला नाही. ते रोजच्या कामांतलेच एक काम होते. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये माझे आजोबा कापड विणण्याच्या खात्यात होते, आणि दिवसभर यंत्राच्या खडखडाटात उभे राहून घरी आलेला हा माणूस संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाजा सुतळीने विणून देत असे. आजी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. तिचा धावदोरा कडेने सुरू होई आणि चौकोनी फेरे घेत मध्यावर येऊन संपे, आणि त्या मधल्या चौकोनात करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या करवतकाठी लुगड्याच्या काठाचा एखादा तुकडा हमखास असे, कारण टसर रेशमाचे अंग विरले तरी काठ शाबूत राहतो आणि तो टाकून देणे तिच्या जिवावर येई. वडिलांकडे कामट्यांचे आकाशकंदील होते. आईकडे क्रोशाची सुई आली.

आईच्या रुखवतातले ताटावरचे रुमाल आणि दाराचे तोरण अजून आमच्याकडे आहे, पण गल्लीत तिची ओळख झाली ती तान्ह्या पोळ्यामुळे. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात. ही रीत दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केली असे सांगितले जाते. आई दर श्रावणात या नंद्यांच्या झुली विणायची, आमच्याच घरच्या नव्हे तर मागेल त्याच्या, आणि वशिंडाच्या जागी झूल उचलली जाऊ नये म्हणून तिथे टाके वाढवण्याची तिची स्वतःची पद्धत होती.

नातीच्या जन्मानंतर तिने पांढऱ्या दोऱ्याची पलंगभर चादर विणायला घेतली. सुटे चौकोन विणायचे आणि शेवटच्या फेरीत प्रत्येक चौकोन शेजारच्याला जोडत न्यायचा, अशी ती वीण होती. निम्म्याहून अधिक चादर झाली आणि संधिवाताने आईची बोटे वाकली. चादर डांबरगोळ्या घालून पेटीत गेली, आणि पुढची काही वर्षे घरात कोणी तिचा विषय काढीत नसे. एका दुकानात चौकशी केली तेव्हा उरलेल्या जागी यंत्रावरची लेस जोडून देतो, कळणारही नाही, असे उत्तर मिळाले. लोकरीचे विणकाम यंत्रावर होते, परंतु क्रोशाची खरी वीण हातानेच करावी लागते आणि बाजारातली लेस ही बहुतांशी तिची नक्कल असते, हे आईला चांगले ठाऊक होते. ती काही बोलली नाही, पिशवीला गाठ मारून उठली.

आपली भेट त्यानंतर इतवारीच्या बाजारात झाली. दोऱ्याच्या दुकानात मी नमुन्याचा चौकोन दाखवून तसाच दोरा मागत होते आणि आपण शेजारी उभ्या होता. आपण तो चौकोन हातात घेतलात, उलटा केलात, दोन बोटांत ताणून पाहिलात आणि म्हणालात, "बाईंचा हात घट्ट आहे, आणि खांब घालताना दोरा करंगळीला दोनदा गुंडाळतात." खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका, आणि हे तंतोतंत खरे होते. आईला कधीही न पाहिलेल्या माणसाने आईबद्दल सांगितलेली ही गोष्ट घरी येऊन मी तिला सांगितली, तेव्हा तिने प्रथम विचारले, की त्या बाई राहतात कुठे.

पुढे आपण जे केलेत ते सविस्तर लिहिते, कारण अशी अर्धवट राहिलेली विणकामे अनेकांच्या पेट्यांत असतील. दुसऱ्याचे काम पुरे करताना खरी अडचण नमुन्याची नसते, तो चांगली विणणारी कोणीही उचलते. अडचण हाताची असते. सैल हाताच्या बाईने तोच दोरा आणि तीच सुई घेऊन तेवढेच खांब घातले, तरी तिचा चौकोन मोठा होतो आणि जोडताना चादरीला झोळ येतो. आपला हात आईपेक्षा सैल, म्हणून आपण एक नंबर बारीक सुई घेतलीत. माझ्या मुलीचा त्याहून सैल, म्हणून तिला आणखी बारीक दिलीत. नमुन्याचे चौकोन धुऊन, पाटावर टाचण्यांनी ताणून, वाळल्यावरच मोजायचे हा आपला दंडक होता, कारण न धुतलेल्या विणीचे माप खोटे असते.

रंगाचे आपण जे केलेत ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. जुना दोरा पिवळसर झाला होता, नवा पांढराशुभ्र होता. मी ब्लीचचा विषय काढताच आपण ज्या नजरेने पाहिलेत ती विसरणार नाही. रिठ्याच्या पाण्यात जुने चौकोन भिजवून, सावलीत वाळवून जेवढे उजळले तेवढ्यावर आपण थांबलात. मग जुन्या भागाच्या कडेच्या दोन ओळी उसवून घेतल्यात आणि जुने-नवे चौकोन एकमेकांत मिसळून लावलेत, म्हणजे रंगाचा फरक एका रेषेवर न येता पसरला. उसवताना आईला समोर बसवून प्रत्येक वेळी "उसवू ना?" असे विचारलेत. ते विचारण्याची आवश्यकता नव्हती, आणि त्याबद्दल मी आपली विशेष ऋणी आहे.

आईच्या हातात पुन्हा सुई यावी हे तर आमच्यापैकी कोणाच्या मनातही नव्हते. आपण सुईच्या दांड्याला कापडाच्या पट्ट्या गुंडाळून तो गाजराएवढा जाड केलात, त्यावर दोऱ्याची वीण चढवलीत, आणि एका बैठकीत एकच फेरी, बोटे दुखायच्या आत सुई खाली, असा नियम घातलात. आई चमत्काराने बरी झाली, असे मी लिहिणार नाही. अख्खा चौकोन तिला आजही होत नाही. परंतु जोडणीची शेवटची फेरी तिने हट्टाने स्वतःकडे ठेवली, आणि त्यासाठी आम्ही बाकीच्यांनी विणलेले चौकोन तिच्यापुढे तपासणीला जाऊ लागले. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसूनही घामाने दोरा मळतो म्हणून हाताला पावडर लावून तिघी जणी विणत बसल्या आहेत आणि साखळी मोजताना कोणी मध्ये बोलले तर ओरडा खात आहे, हे दृश्य आमच्या घरात पुष्कळ वर्षांनी परतले.

मुलीबद्दल थोडे लिहायला हवे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारातल्या हस्तकला मेळ्यात आम्ही तिला लहानपणापासून नेतो, पण तिथे ती वस्तू पाहत असे. यंदा ती एका कारागिराच्या समोर उकिडवी बसली आणि त्याची बोटे पाहत राहिली. निघायला तयारच नव्हती. आपण तिला मुका खांब, म्हणजे आखूड टाका, शिकवताना वहीत नमुना लिहू दिला नव्हता, माझ्या हाताकडे पाहा म्हणाला होता, त्याचा हा परिणाम असावा. वही न देण्याची आपली पद्धत मला तेव्हा फार जुनाट वाटली होती; अजूनही पूर्णपणे पटलेली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

चादर आता पुरी झाली असून तिला तांदळाच्या पेजेची हलकी खळ दिली आहे. किनारीचा वाद मात्र मिटलेला नाही. आपले म्हणणे साध्या किनारीचे, आईला कंगोरे हवेत. दिवाळीत आपण याल तेव्हा तो दोघींनी सोडवावा, मी मध्ये पडणार नाही. आईने आणखी एक निरोप लिहायला सांगितला आहे. आपला एकही चौकोन ओळखू येणार नाही असे आपण म्हणाला होता, पण खिडकीकडच्या कोपऱ्यातला तिसरा आपला आहे हे तिला कळले आहे, आणि आपण ते कबूल करावे, असे ती म्हणते.

आपली कृतज्ञ,
आपल्या विद्यार्थिनीची आई
नागपूर