कोयनेच्या खोऱ्यात सायकल आणण्याआधी

सातारा,
१८ ऑक्टोबर

प्रिय अव्या,

पत्र मिळालं. सातारा, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, मेढा आणि परत सातारा हा फेरा किती किलोमीटरचा, असं विचारलंयस. जेमतेम १२०. पुणे-सातारा अंतराहून थोडंसंच जास्त. म्हणून ‘दीड दिवसात उरकू’ असं जे लिहिलंयस, ते आधी खोड. इथे किलोमीटर मोजायचे नसतात, उंची मोजायची असते. सातारा साधारण ७०० मीटरवर, कास १२०० वर. तिथून शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाला उतरलास की ६६० वर आलास (धरण काठोकाठ भरलं की पाणी ६५९ मीटरला असतं). पुन्हा महाबळेश्वरला १३५० आणि परत ७००. मधले बारके चढउतार धरले तर चढाई दीड हजार मीटरच्या आसपास जाते. तीन दिवस काढ.

हे असं का, ते नकाशा उघडून बघ. घाटमाथ्यावरच्या बहुतेक नद्या पूर्वेला पळतात. कोयना मात्र महाबळेश्वरला उगम पावून सरळ दक्षिणेला जाते. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, पूर्वेला बामणोलीची रांग, आणि मधल्या घळीतून पार हेळवाकपर्यंत. तिथे काटकोनात वळून मग कऱ्हाडला कृष्णेला मिळते. कोयनानगरच्या १०३ मीटर उंच भिंतीमुळे ही सगळी घळ पाण्याने भरली. त्यामुळे दरीच्या तळाने जाणारी सपाट वाट तुला मिळणारच नाही, ती पाण्याखाली गेली. रस्ते उरलेत ते उतारांवरचे, प्रत्येक ओढ्याला आत वळसा घालून पुन्हा बाहेर येणारे.

दिशा सांगतो तीच ठेव, उलटी नको. बामणोलीहून कासला चढणं म्हणजे १२-१४ किलोमीटरमध्ये पाचशेहून जास्त मीटर, तेही पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारावर. दुपारनंतर ऊन थेट अंगावर येतं. तापोळा-महाबळेश्वर चढ एकूण सातशे मीटरचा असला तरी २५-२७ किलोमीटरमध्ये वाटला गेलाय. तीव्र बाजू उतरायची, लांब बाजू चढायची.

आता तुझे गिअर. पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ दात्यांच्या चकत्या लिहिल्यायस. सामान नसतं तर चाललं असतं. तू, सायकल, सामान आणि पाणी मिळून १०० किलो धरू आणि चढ सात टक्क्यांचा धरू. ३४-२८ वर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.६ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटर, आणि त्याला लागतात साधारण २०० वॅट. एवढी ताकद तासभर देणं तुझ्या-माझ्यासारख्याचं काम नाही. मग फेरे ४५ वर येतात, गुडघ्यावर जोर येतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाकलीस की त्याच ६० फेऱ्यांना वेग आठाच्या खाली येतो आणि काम १६०-१६५ वॅटवर भागतं. पुढेही २८ दात्यांची चकती बसली तर १३५-१४०. क्रँक (पायडलचा दांडा आणि पुढच्या चकत्या) बदलायचा खर्च नको असेल तर निदान कॅसेट बदलच.

पण नुसती कॅसेट बदलून निघू नकोस. चेन जुन्याच लांबीची राहिली आणि चढावर घाईत मोठी-मोठी जोडी लागली, तर चेन ताणली जाऊन डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) हँगरसकट, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो त्या पट्टीसकट, स्पोकमध्ये जातो. बामणोलीत हँगर मिळत नाही. चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवर गुंडाळ, आणि जिथे जुळेल त्यापुढे दोन कड्या जास्त ठेव. तुझ्या सायकलीचा एक सुटा हँगर बरोबर घे, दुसऱ्या कंपनीचा बसत नाही.

सामान १२ किलोच्या वर नको. सगळं मागच्या पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत) कोंबलंस तर आठ टक्क्यांच्या चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. हळू वेगात तर जास्तच. तीन-चार किलो पुढे हँडलच्या पिशवीत किंवा फोर्कवर आण, त्यात पाणी आणि हत्यारं. कॅरिअरचे एम-५ स्क्रू रोज सकाळी हाताने तपास. खडबडीत उतारावर ते सैल होतात, आणि एक पडला की दुसऱ्यावर सगळा भार येऊन तो आतच तुटतो. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लाव आणि चार स्क्रू जास्तीचे ठेव. स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा, आणि तो बदलायला कॅसेट काढावी लागते. निघण्यापूर्वी मागचं चाक चांगल्या मिस्त्रीकडून सगळीकडे सारखं ताणून घे. तुटतात ते ढिले स्पोक, घट्ट नाहीत. ढिल्या स्पोकवर दर फेऱ्याला ताण येतो-जातो आणि तो मानेत, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या वाकात, थकतो. दोरीचा एक तात्पुरता स्पोक असला की कॅसेट न काढता साताऱ्यापर्यंत निभावतं.

टायर ३५ किंवा ३८ मिमी, मागे ६० पीएसआय, पुढे ५०. जास्त फुगवलंस तर जांभ्याच्या चुऱ्यावर पकड जाते, कमी ठेवलंस तर खड्ड्याच्या कडेला ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात.

पहिला दिवस. सकाळी सातच्या आत यवतेश्वर घाटाला लाग. सुरुवातीचे पाच-सहा किलोमीटर हीच खरी परीक्षा, नंतर रस्ता पठारावर येतो आणि लाटांसारखा वरखाली होत कासला जातो. नोव्हेंबरात फुलं संपलेली असतात, म्हणूनच ये. हंगामात शनिवार-रविवारी मोटारींच्या रांगेत सायकल चालवण्यात काही अर्थ नाही. साताऱ्याच्या नळाला येणारं पाणी या कास तलावाचंही असतं, त्यामुळे तिथे आंघोळीचा विचार करू नकोस. बाटल्या तिथल्या टपऱ्यांवर भरून घे, कारण पुढे उतार आहे म्हणून पाणी लागणार नाही असं वाटतं, आणि बामणोलीत पोचेपर्यंत जीभ टाळ्याला चिकटते. तीन लिटर तरी हवं.

बामणोलीच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नकोस. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात मारून वेग उतरव आणि वळणात सोडून दे. वळणाच्या आतल्या बाजूला लाल चुरा साचतो, त्यावर पुढचा ब्रेक लागला की सायकल खालून निघून जाते.

मुक्काम बामणोलीला. खोऱ्यातली बरीच गावं धरणात गेली, उरलेल्या वाड्यांतली कर्ती माणसं मुंबईला. त्यामुळे दर पाच किलोमीटरला हॉटेल असं इथे नाही. जेवण हवं असेल तर पोचल्या पोचल्या सांगून ठेव. रोख पैसे आण, मोबाइलची रेंज येते-जाते. पलीकडचा काठ कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे तंबू ठोकता येत नाही. अलीकडेही जमीन कुणाची ते विचारल्याशिवाय ठोकू नकोस. वासोटा किल्ल्यावर जायचं मनात असेल तर एक दिवस वाढव, सायकल बामणोलीत ठेव आणि वनखात्याची परवानगी काढून बोटीने जा.

दुसरा दिवस बोटीचा. तापोळ्यापर्यंत पाण्यातून जा. भाडं बहुधा अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळी ठरव आणि सायकलचं वेगळं घेणार का तेही आधीच बोल. सकाळचं पाणी शांत असतं. सायकल चढवण्यापूर्वी पॅनिअर काढ आणि मागचा गिअर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाक. डिरेलर आत सरकतो आणि कशाला आपटत नाही. मग चेनची बाजू वर ठेवून आडवी कर आणि बांध. नोव्हेंबरात पाणी वर असतं म्हणून चढणं-उतरणं सोपं. पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे जातं आणि उन्हाळ्यापर्यंत पातळी बरीच खाली येते. मग धक्का आणि पाणी यांच्यामध्ये चिखलाचा लांब उतार उघडा पडतो आणि लादलेली सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मे महिन्यात यायचं म्हणशील तर हे लक्षात ठेव.

तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणायची लोकांना फार हौस. कोयना म्हटलेलं काय कमी आहे? असो. तिथे भरपूर खाऊन नऊच्या आत चढाला लाग. या चढाची गोम अशी की तो सलग नाही. चढून मिळवलेले वीस-तीस मीटर ओढ्यापाशी परत जातात. त्याने वैतागून जोर लावलास तर शेवटच्या टप्प्यात पाय उरत नाहीत. बोलता येईल एवढ्याच श्वासावर चालव, दर ४० मिनिटांनी काहीतरी खा. गुळाची पोळी किंवा शेंगदाण्याचा लाडू कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा बरा, आणि दोन बाटल्यांपैकी एकीत मीठ-साखर. वर पोचलास की आधी घामाचा शर्ट बदल. नोव्हेंबर-डिसेंबरची महाबळेश्वरची संध्याकाळ ओल्या अंगाला सोसत नाही.

तिसरा दिवस उताराचा, म्हणून सगळे त्याला हलक्यात घेतात. माचुतरवरून केळघर घाट सहाशेएक मीटर खाली नेतो. १०० किलो वजन तेवढं उतरताना जी ऊर्जा सुटते, तिने पावणेदोन लिटर पाणी उकळेल. त्यातली काही वारा घेतो, उरलेली तुझ्या रिमला सोसावी लागते. हळू हळू ब्रेक घासत उतरणाऱ्याला वाऱ्याची मदत मिळतच नाही, रिम तापते, आतली हवा फुगते आणि टायर निसटतो. सरळ पट्ट्यात वेग घेऊ दे, वळणाआधी कापून टाक. घाटात दोनदा थांबून रिमच्या जवळ हात ने. चटका जाणवला तर दहा मिनिटं बस. निघण्यापूर्वी ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे आणि ॲल्युमिनियमचे कण सुईने काढ, नाहीतर रिमवर ओरखडे पडतात. रबराचा एक जादा जोड हवाच. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, तेव्हा कुठे रस्ता अर्धा किंवा कच्चा आहे हे महाबळेश्वरला एसटीच्या चालकांना विचार. त्यांच्याइतकं पक्कं कुणी सांगणार नाही.

मेढ्यापासून सोपं आहे. सोबतीला वेण्णा असते, मग कण्हेर धरणाचं पाणी. सकाळी महाबळेश्वरला जिचा तलाव पाहिलास तीच ही नदी, आणि ती कृष्णेला मिळते माहुलीला. सातारा स्टेशनही त्याच बाजूला, गावापासून लांब, तेव्हा परतीची गाडी धरायची तर गावात न रेंगाळता थेट तिकडेच जा. सायकल पार्सलने न्यायची असेल तर गाडीच्या तासभर आधी पोच.

आता एक काम कर. डिरेलरच्या दोन छोट्या चाकांच्या मधल्या बिंदूंमधलं अंतर मोजून कळव. पाच-साडेपाच सेंटिमीटर निघालं तर ३४ ची कॅसेट त्यावर चालणार नाही, डिरेलरही बदलावा लागेल. सात-साडेसात असेल तर बहुतेक जमेल. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा धरून चाललोय, तेव्हा उत्तर आठ दिवसांत पाठव.

तुझा,
बाळ्या