मंत्रिमहोदय, आधी खेळाची घंटा वाजू द्या

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

नुकताच आमच्या शाळेत आरोग्य सप्ताह साजरा झाला. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी ‘सकस आहार’ या विषयावर चित्रकला स्पर्धा होती. चित्रं काढायला वेळ कुठून आणायचा, तर पी.टी.च्या तासातून. म्हणजे माझ्याच तासातून. मुलं वर्गात बाकावर वाकून गाजरं आणि सफरचंदं रंगवत बसली. पहिल्या आलेल्या मुलीच्या गाजराला हातपाय होते आणि ते धावत होतं. बक्षीस म्हणून तिला चॉकलेटचं मोठं खोकं मिळालं. त्या आठवड्यात आमच्या शाळेत जर कोणी धावलं असेल, तर ते गाजर.

मी एकोणीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवते. मुलं मला ‘पी.टी.च्या बाई’ म्हणतात. आपल्याकडे आहार आणि आरोग्यावर सल्ला देणाऱ्या मोठमोठ्या समित्या असतील. माझ्याकडे एक शिट्टी आहे आणि मैदानाच्या कडेला उभं राहून बघितलेलं बरंच काही आहे. मुलांना काय खावं ते समजत नाही, असं धरून आपण तक्ते आणि पत्रकं छापतो. चौथीतल्या कोणत्याही मुलाला उठवून विचारा, जीवनसत्त्वं त्याला पाठ असतात. पाठ असूनही डबा अर्धा परत जातो, कारण खाण्याची आणि खेळण्याची सवय वेळापत्रकातून लागते. आणि वेळापत्रकाची चावी आपल्या खात्याकडे आहे.

आमची मधली सुट्टी पंचवीस मिनिटांची. एकदा मी घड्याळ लावून बसले. वह्या दप्तरात कोंबून वर्ग रिकामा व्हायला तीन मिनिटं. हात धुवायला दोन नळ, त्यातला एक करंगळीएवढी धार सोडणारा, त्यामुळे रांगेत सहा-सात मिनिटं. लहान मुलांना डब्याचं घट्ट झाकण उघडत नाही, ते उघडून द्यायला कोणीतरी मोठं माणूस शोधायचं. एवढं होईपर्यंत मैदानावर आरडाओरडा सुरू झालेला असतो आणि मुलांचे कान तिकडे. मग हातात धरून पळता येतं तेवढं खाल्लं जातं, चावायला वेळ लागतो ते राहतं. भाजी राहते, काकडीचे काप राहतात, सफरचंदाच्या फोडी काळ्या पडून घरी जातात. घरी आई म्हणते, ‘ह्याला भाजी आवडतच नाही.’ अहो, आवडायला तो भाजीपर्यंत पोचलाय कुठे!

दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी सहावीच्या एका तुकडीपुरता क्रम उलटा करून घेतला. आधी मैदान, मग हात धुऊन जेवण. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मुलं लाल तोंडानं, घामाघूम होऊन यायची, घटाघटा पाणी प्यायची आणि बसायची. खेळून झालेलं असल्यामुळे उठायची घाई कुणालाच नसायची. रोज अर्धा डबा परत नेणारा एक मुलगा होता. त्यानं एके दिवशी शेजारणीच्या डब्यातला भोपळा मागून खाल्ला. मागून! मी तोंड फिरवून उभी राहिले, कारण आपल्याकडे कुणी बघतंय म्हटल्यावर त्यानं तो परत ठेवला असता.

एका तुकडीवरून धोरण ठरवा असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेतल्या यूटामधल्या प्राथमिक शाळांमध्ये जोसेफ प्राइस आणि डेव्हिड जस्ट या संशोधकांनी हेच मोजून बघितलं आणि २०१५ साली प्रसिद्ध केलं. खेळाची सुट्टी जेवणाच्या आधी नेल्यावर मुलांचं फळं-भाज्या खाणं ५४ टक्क्यांनी वाढलं. त्यासाठी ना नवा स्वयंपाकी लागला, ना नवं पुस्तक. घंटेची वेळ बदलली, बस्स. आमच्याकडे मात्र पुढच्या वर्षी बसच्या वेळेचं कारण निघालं आणि क्रम पुन्हा सुलटा झाला. म्हणजे उलटा झाला.

डब्याचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार. ‘डबा संपवल्याशिवाय उठायचं नाही’ हा नियम पुष्कळ शाळांत शिस्त म्हणून चालतो. मीही सुरुवातीची काही वर्षं तो चालवला आणि माझ्या वर्गाचे डबे लख्ख म्हणून मिरवलंही. पुढे कळलं, खिडकीखालच्या कुंडीत काय काय पुरलं जात होतं ते. ‘संपव, संपव’ म्हणत मागे लागलं तर मुलं उलट कमी खातात, हे अमेरिकेत लहान मुलांना सूप देऊन केलेल्या एका प्रयोगात २००६ साली दिसलं होतं. नवी भाजी जिभेला रुळायला आठ-दहा वेळा, कुणाला पंधरा वेळाही चाखावी लागते. दरडावून तो हिशोब लवकर पुरा होत नाही. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली वाटणी मला फार पटते. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं आणि खायचं की नाही, ते मुलानं. ही वाटणी शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक तास सांगितली तरी पुष्कळ काम होईल. जपानमध्ये मुलं वर्गातच एकमेकांना वाढतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर बसून तेच जेवतात. आहाराच्या शिक्षणासाठी, ते ज्याला ‘शोकुइकु’ म्हणतात त्यासाठी, त्यांनी २००५ साली कायदाच केला. (आरोग्य सप्ताहात आमच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर रोज काय येत होतं, ते मी इथे लिहीत नाही.)

आता मैदानाकडे वळते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. आमच्याकडे पी.टी.चे आठवड्याला दोन तास, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे. रांग, हजेरी, जिना उतरणं वजा करा. सहामाही जवळ आली की उरलेलाही जातो. ‘बाई, आजचा तास देता का? पोर्शन राहिलाय.’ गणिताचे सर भले गृहस्थ आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण एकोणीस वर्षांत एकदाही मला कुणी गणिताचा तास आणून दिला नाही, की ‘बाई, मुलांचं पळायचं राहिलंय, घ्या.’

शिक्षा कोणती, तर ‘आज मैदानावर जायचं नाही.’ वर्गात चुळबुळ करणारं, शेजाऱ्याला कोपर मारणारं पोर नेमकं त्या दिवशी डांबून ठेवायचं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वर्गाला जेरीला आणतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ सालीच सांगितलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची खेळाची सुट्टी काढून घेऊ नये. आपण एका ओळीचं परिपत्रक काढलंत तर ही शिक्षा उद्यापासून बंद होईल. खर्च कागदाचा.

आणि मुली. महोदय, हा भाग कृपा करून घाईत वाचू नका. सातवीपर्यंत जी मुलगी साऱ्या वर्गात जोरात पळते, ती आठवीत पायरीवर बसून इतरांची दप्तरं सांभाळते. मी विचारते, ‘काय गं?’ ती म्हणते, ‘काही नाही बाई, कंटाळा आलाय.’ कंटाळा नसतो. कपडे बदलायला आडोसा नसतो, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसते, पाळीच्या दिवसांत डाग पडला तर काय, ही धास्ती असते. शिवाय चेंडू कायम मुलांच्याच पायात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ सालच्या आकड्यांवरून काढलेल्या हिशोबात जगातली अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती; त्यात मुलगे ७८ टक्के आणि मुली ८५ टक्के. त्या सात टक्क्यांच्या फरकात दाराची कडी किती आणि चेंडू किती, हे कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. मला कडी द्या आणि वेगळा चेंडू द्या, पायरीवरच्या निम्म्या मुली मी खाली आणून दाखवते.

बऱ्याच शाळांत खेळ म्हणजे शाळेचा संघ. बारा जण खेळतात, बाकीचे टाळ्या वाजवतात, आणि कपाटात करंडक दिसला की अहवालात ‘क्रीडा विभाग उत्तम’ असा शेरा पडतो. मला करंडकाचं वावडं नाही, दोन-तीन मीही आणलेत. पण स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिकेनं सुरू केलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. रोज पंधरा मिनिटं सगळा वर्ग बाहेर. पळा, चाला, मैत्रिणीशी गप्पा मारत जॉगिंग करा. वेगळा गणवेश नाही, शर्यत नाही, नंबर नाही. ‘डेली माइल’ नावानं ते पुढे कितीतरी देशांत पसरलं. मागे राहणाऱ्या मुलाला कुणी हसत नाही, कारण पुढे कोण आहे हेच कुणी मोजत नाही.

मोजण्यावरून आठवलं. वर्षातून दोनदा आम्ही मुलांचं वजन घेतो. एक शिक्षक काट्याजवळ, एक रजिस्टर घेऊन पाच पावलांवर, त्यामुळे आकडा मोठ्यानं सांगावा लागतो. गेल्या खेपेला एका मुलीनं काट्यावर चढण्याआधी बूट काढले, मग पट्टा काढला, मग हातातलं घड्याळ काढून मैत्रिणीकडे दिलं. आकडा पुकारला गेला आणि मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. पुढचा आठवडाभर तिनं डबा उघडलाच नाही. मला ते चौथ्या दिवशी कळलं, ही माझी चूक. वजन जरूर घ्या, पण पडद्याआड, एकेकट्याचं, आणि आकडा कागदावर. त्यावर बोलायचं ते पालकांशी, तेही ‘जाड’, ‘बारीक’ हे शब्द दाराबाहेर ठेवून.

बाकीचं थोडक्यात. शाळेच्या क्रीडा महोत्सवाला गोड पेयाच्या कंपनीचे फलक आणि खेळाडूंना फुकट कॅन, हे आता थांबवा. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, आणि ती आम्ही धावून आलेल्या मुलाच्या हातात बक्षिसासारखी ठेवतो. चिलीनं २०१६ साली साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले आणि शाळेतली त्यांची विक्री बंद केली. आपल्याला तेवढं लगेच जमणार नसेल, तर निदान पिण्याच्या पाण्याचे नळ चालू करा, मैदानाजवळ. तहानलेल्या मुलाला आमचा नळ दोन जिने वर सापडतो आणि कॅन्टीन दहा पावलांवर. तो कुठे जाईल?

पालकांना ‘डब्यात काय द्यावं’ याची यादी मात्र पाठवू नका. पहाटे उठून, स्वतः न खाता कामाला पळणाऱ्या आईबापांना आणखी एक अपराध चिकटवून काय मिळणार?

एक विनंती करून थांबते. कधीतरी आमच्यासारख्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत या. नळाच्या रांगेत उभे राहा, सुट्टी संपल्यावर चार डबे उघडून बघा, पायरीवर कोण बसलंय ते बघा. फक्त आधी कळवू नका. आपण येणार म्हटलं की मैदानावर मांडव पडतो, आणि स्वागतगीताची तालीम आठ दिवस पी.टी.च्या तासालाच असते.

आपली नम्र,
एका शाळेतल्या पी.टी.च्या बाई