मनू, रिपीट करायचं ठरवायच्या आधी

प्रिय मनू,

परवा फोनवर तू मामाला म्हणालीस की डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा परत द्यायला अजून एक वर्ष लातूरलाच क्लासला राहते, आणि मामा लगेच हो म्हणाला, फीचं मी बघतो म्हणाला. मी तेव्हा गप्प बसले कारण फोनवर आपलं दोघींचं बोलणं लगेच वादावर जातं, म्हणून आज ड्युटीवरून आल्यावर निवांत टाइप करतेय. पूर्ण वाच, मग काय बोलायचं ते बोल.

रिपीट करूच नको असं मी म्हणत नाहीये. पण 2025 ला 22 लाखांच्या वर मुलं नीटला बसली आणि अख्ख्या देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या आपल्याला परवडतील अशा सरकारी निम्म्या. म्हणजे मनापासून अभ्यास केलेली लाखो मुलं बाहेर राहणारच, तू त्यातली एक आहेस. त्यावरून तू हुशार नाहीस असं ठरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की "एमबीबीएस नाही मिळालं, आता काय उरलंय" या प्रश्नापासून सुरुवात करू नकोस. हॉस्पिटलमधलं कुठलं काम तुला रोज उठून करावंसं वाटेल, तिथून सुरुवात कर. मिरजेत वाढलीस तू, इथं कर्नाटकातून लोक उपचाराला येतात, पण हॉस्पिटल म्हणजे डॉक्टर आणि सिस्टर एवढंच आपल्या घरातल्यांना दिसतं.

मी लॅबमध्ये आहे म्हणून आधी लॅबचं सांगते. लोकांना वाटतं ट्यूब मशीनमध्ये ठेवली की रिपोर्ट येतो. तसं नसतं गं. जांभळ्या टोपणाची ट्यूब हलक्या हाताने उलटीसुलटी केली नाही तर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट कमी दिसतात, निळ्या टोपणाची खुणेपर्यंत भरली नाही तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा, चुकतो, आणि रक्त घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि ते बघून वरती वॉर्डात डॉक्टर औषध बदलू शकतात. म्हणून सॅम्पल मशीनमध्ये फिरवून पेशी खाली बसल्यावर वरचं पाणी लालसर दिसलं की दुसरं मागवायचं, कोणी कितीही वैतागलं तरी. मला हे काम मनापासून आवडतं. पण यात पेशंटशी बोलणं फार नाही, आणि तू माणसांत रमणारी आहेस. शिवाय कोणी म्हणालं की डिग्री घे आणि स्वतःची लॅब टाकून बस, तर हे लक्षात ठेव की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या डॉक्टरचीच लागते, सुप्रीम कोर्टाने 2017 लाच सांगितलंय. आणि लॅबच घ्यायची झाली तरी माझ्यासारखं डीएमएलटीवर, म्हणजे लॅबच्या डिप्लोमावर, थांबू नकोस, आमच्या वेळी ते पुरायचं, आता एमएस्सी करायची, शिकवायचं, मोठ्या लॅबमध्ये क्वालिटीचं काम बघायचं तर डिग्रीच पाहिजे.

तुझ्यासाठी मला खरं तर रिहॅबिलिटेशनची, म्हणजे आजारानंतर माणसाला परत हिंडतं-फिरतं करायची, बाजू जास्त बरी वाटते. फिजिओथेरपी सगळ्यांना माहितीये, तिची डिग्री बीपीटीएच, चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप अशी आपल्याकडे चालत आलीये, नवा अभ्यासक्रम पाच वर्षांचा येतोय असं ऐकते तेव्हा फॉर्म भरताना ते बघून घे. ऑक्युपेशनल थेरपीचं मात्र नाव काढलं की आत्या विचारणार, म्हणजे काय? आजोबांना पॅरालिसिस झाला तेव्हा फिजिओने त्यांना उभं केलं, चालवलं, ते तू पाहिलंस. पण शर्टाचं बटण एका हाताने कसं लावायचं, भाकरी कशी तोडायची, बाथरूममध्ये दांडी कुठं बसवायची हे शिकवणारं कोणी आपल्याला मिळालं नाही, ते काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं. आणि हे शिक्षण आपल्या देशात सुरू झालं ते मुंबईत केईएम हॉस्पिटलला, 1950 मध्ये, कमला निंबकर यांनी सुरू केलं. त्या जन्माने अमेरिकन, लग्न करून इकडच्या झाल्या. फलटणला कमला निंबकर बालभवन आहे ना, ते त्यांच्याच नावाचं. एवढं जवळचं नाव असून आपल्या भागात या कोर्सबद्दल किती थोड्या पोरांना माहिती असते याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्पीच आणि हिअरिंगचं, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवरची डिग्री, बीएएसएलपी पण बघ. मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथं हा कोर्स आहे. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणं तर आहेच, पण पॅरालिसिसनंतर ज्यांना घास गिळता येत नाही, ठसका लागून अन्न फुप्फुसात जातं, त्यांना सुरक्षित गिळायला शिकवणंसुद्धा याच लोकांचं काम. आणि तू लहानपणापासून मिक्सर उघडून बसतेस म्हणून सांगते, हाजी अलीच्या सरकारी संस्थेत कृत्रिम हातपाय आणि पट्टे बनवण्याची डिग्री आहे, प्रोस्थेटिक्स ऑर्थोटिक्स. माप घेणं, साचा करणं, पेशंटला तो पाय घालून चालवून बघणं, घासतोय तिथं परत दुरुस्त करणं. हात आणि माणूस दोन्ही त्यात आहेत. मला तर वाचतानाच तू डोळ्यापुढे आलीस.

आणि हो, नीट वाया गेली असं रडू नकोस, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, बीएएसएलपी आणि हे प्रोस्थेटिक्स, चारही ॲडमिशन आपल्या राज्यात नीटच्या मार्कांवर सीईटी सेल या सरकारी प्रवेश ऑफिसकडून होतात.

रेडिओलॉजी, डायलिसिस, ऑपरेशन थिएटरचे टेक्निशियन, हार्ट सर्जरीत हार्ट-लंग मशीन चालवणारे परफ्युजनिस्ट, यांचं मी इथं फार लिहीत नाही, समोर बसून सांगेन. एक्सरेवाल्यांच्या छातीवर तो छोटा बॅज असतो ना, टीएलडी, दर तीन महिन्यांनी किती रेडिएशन लागलं ते त्यावरून मोजतात, त्यामुळे मुलीच्या जातीला एक्सरे नको असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून दे.

कॉलेजच्या बाबतीत मात्र मी अजिबात ऐकणार नाही. कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर बोर्ड, "पॅरामेडिकल, 100 टक्के जॉब", असल्या ठिकाणी पाऊल टाकायचं नाही. स्वतःचं हॉस्पिटल आहे का, पेशंट खरंच येतात का, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी किंवा मान्यता असलेल्या दुसऱ्या विद्यापीठाशी जोडलेलं आहे का, पास झाल्यावर कौन्सिलमध्ये नाव लागतं का, हे विचारायचं आणि कागद बघायचा. 2021 ला केंद्राने अलाइड हेल्थचा, म्हणजे लॅब, फिजिओ अशा कामांचा, स्वतंत्र कायदा केलाय, आता हळूहळू सगळ्यांची नोंदणी होणार, ज्यांची डिग्री मान्य नाही त्यांची वर्षं आणि पैसे दोन्ही अडकणार. आमच्याकडे अशा सर्टिफिकेटवर आलेली मुलं मी बघते, कामात हुशार असतात बिचारी, पण परमनंट नोकरीच्या फॉर्ममध्ये बसत नाहीत.

पगार सुरुवातीला कमी असतो, हे लपवून काय उपयोग. पहिली दोन-तीन वर्षं खासगी हॉस्पिटलमध्ये नाइट करून हातात येतं ते ऐकून तुझ्या मैत्रिणी इंजिनिअरिंगचं पॅकेज सांगतील. पुढे अनुभव, मास्टर्स, सरकारी जागा, स्वतःची फिजिओची प्रॅक्टिस, बाहेरदेशी जायचं तर तिथली परीक्षा, असे रस्ते आहेत, पण ते सगळे कामात मुरल्यावर उघडतात. आणि नावापुढे डॉक्टर लागणार की नाही यावर डोकं घालवू नकोस, फिजिओंच्या बाबतीत 2025 ला दिल्लीहून लावू नका असं पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं, तो वाद मोठ्या लोकांना करू दे.

आता असं कर. रविवारच्या गाडीने ये. आमच्याकडच्या फिजिओ मॅडमशी मी बोललेय, त्या तुला दिवसभर डिपार्टमेंटला बसू देतील, फक्त बघायचं, मोबाइल बॅगेत. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर लॅबला चल. सगळं बघून पण रिपीटच करायचं वाटलं तर मी मामाला स्वतः फोन करून सांगेन आणि तुला लातूरला सोडायला येईन, पण फी मामाकडून घ्यायची नाही, ती मी आणि बाबा भरू.

येताना बारावीची मार्कशीट, नीटचं स्कोअरकार्ड, टीसी ओरिजिनल आण. डोमिसाइल इथं कपाटात आहे, नॉन-क्रिमीलेअर मात्र जुनं झालंय, बाबा उद्याच तहसीलला जाणार आहेत, त्यासाठी तुझ्या आधारचा फोटो आज रात्री पाठव.

तुझी,
आई