मा. उद्योगमंत्र्यांना खुलं पत्र: बायोसरफॅक्टंटसाठी आता मोठी टाकी द्या

मा. उद्योगमंत्री महोदय,

सा.न.वि.वि.

शॅम्पू, भांड्यांचं लिक्विड, पेंट, शेतातली फवारणी, सगळीकडे सरफॅक्टंट, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र आणणारा, फेस करणारा पदार्थ लागतो आणि तो बहुतेक करून पेट्रोलियमपासून नाहीतर पाम कर्नलच्या तेलापासून केमिकल प्रोसेसने बनतो, हे तुमच्या खात्याला माहीतच आहे. बॅक्टेरिया हेच काम साध्या तापमानाला, साखर किंवा तेल खाऊन करतात, आणि त्यांनी बनवलेल्या मालाला बायोसरफॅक्टंट म्हणतात. स्यूडोमोनास या बॅक्टेरियाचं रॅम्नोलिपिड नावाचं बायोसरफॅक्टंट १९४० च्या दशकापासून माहीत आहे, बॅसिलस सबटिलिसचं सरफॅक्टिन १९६८ पासून, आणि हे सरफॅक्टिन इतकं तगडं आहे की पाण्यात जेमतेम नावाला टाकलं तरी पृष्ठताण ७२ वरून २७ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरतो.

मग इतकी वर्षं अडलंय कुठे? माझं स्पष्ट मत आहे की संशोधनात नाही, टाकीत अडलंय. पेपर भरपूर निघतात, बॅक्टेरियाचे नवीन वाण (स्ट्रेन) सापडतात, आणि सगळं फ्लास्कमध्येच राहतं.

मी फर्मेंटेशनमध्ये काम करतो, त्यामुळे रोज बघतो तेच सांगतो. छोट्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या टाकीत, हवा सोडली की काही तासांत फेस चढायला लागतो, कारण आपण बनवतोय तो मालच मुळात फेस करणारा आहे, आणि हवा बंदही करता येत नाही कारण बॅक्टेरियाला ऑक्सिजन पाहिजे. तो फेस वर सरकत एक्झॉस्टच्या पाइपात शिरतो, फिल्टर भिजतो, भिजलेला फिल्टर चोंदला की आतलं प्रेशर वाढतं, मग हवा कमी करा, की कल्चर गुदमरलं, आणि फेसाबरोबर माल आणि पेशी दोन्ही बाहेर. अँटिफोम, म्हणजे फेस मारणारं रसायन, टाकला तर फेस बसतो खरा पण ऑक्सिजन विरघळायला त्रास होतो आणि नंतर तो अँटिफोम मालातून काढत बसावं लागतं. पाच लिटरला बाजूला एक बाटली जोडून फेस त्यात घेता येतो, पण दहा हजार लिटरला बाटली जोडून भागत नाही. खरं तर त्या फेसात माल जास्त गोळा झालेला असतो, तो नीट ओढून घेतला तर वेगळं करायचं अर्धं काम तिथेच होतं, याला फोम फ्रॅक्शनेशन म्हणतात आणि मला वाटतं पुढचा रस्ता हाच आहे. पण हे कागदावर बसवता येत नाही साहेब, त्याला मोठी टाकी आणि बिघडलेल्या बॅच परवडतील अशी जागा लागते.

पुढचं शुद्धीकरणही तसंच. लॅबमध्ये आम्ल घालून पीएच २ पर्यंत आणला, साका खाली बसला, इथाइल अ‍ॅसिटेट या सॉल्व्हेंटने काढून घेतला, झालं. तेच टनावारी करायचं म्हटलं तर सॉल्व्हेंटचे टँकर लागतील, मग पर्यावरणासाठी केलं म्हणायचं कशाला? खर्चाचा मोठा हिस्सा इथेच जातो.

हे होऊच शकत नाही असं कोणी सांगत असेल तर स्लोव्हाकियात एव्होनिक कंपनीने काय केलं ते मागवून बघा. २०२२ मध्ये गुंतवणूक जाहीर केली, २०२४ च्या सुरुवातीला रॅम्नोलिपिडचा इंडस्ट्रियल प्लांट तयार, मक्यापासून मिळणाऱ्या साखरेवर चालणारा. त्या साइटवर फर्मेंटेशन आधीपासून होतं, टाक्या ओळखणारी माणसं होती, आणि माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली गेली.

म्हणून मागणी अशी की एक सामायिक पायलट प्लांट उभा करा, हजार ते दहा हजार लिटरचा, फेस हाताळायची आणि शुद्धीकरणाची सोय असलेला, जिथे छोट्या कंपन्या आणि कॉलेजं भाड्याने बॅच घेऊ शकतील, आणि फसलेल्या बॅचचा डेटासुद्धा सगळ्यांना खुला राहील.

दुसरं, परवानगी. रॅम्नोलिपिड नैसर्गिकपणे जास्त बनवणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा कमजोर माणसाला आजारी पाडणारा जंतू आहे, तो प्रचंड टाकीत वाढवावा असं मी तरी म्हणणार नाही. त्याची जीन्स स्यूडोमोनास पुटिडासारख्या सुरक्षित बॅक्टेरियात घालून काम होतं. तपासणी कडकच ठेवा, काहीच हरकत नाही, फक्त बंद टाकीतल्या अशा स्ट्रेनला उत्तर किती दिवसांत मिळेल ते लिहून द्या, नाहीतर गुंतवणूकदार थांबत नाही.

आणि अनुदान देणार असाल तर डोळे मिटून देऊ नका. खायचं तेल आणि साखर ओतून बनवलेला माल आपोआप हिरवा होत नाही. ग्लिसरॉल, वापरलेलं तेल, चीजमधून उरणारं व्हे, यावर काम करणाऱ्यांना जास्त द्या, कारण त्यांच्याकडे कच्चा माल दर खेपेला वेगळा येतो आणि त्यांचा त्रास दुप्पट असतो.

पुढच्या बजेटच्या आधी यावर एक बैठक लावा, आणि तिला प्रोफेसर आणि कंपनीवाल्यांबरोबर शिफ्टमध्ये टाकी चालवणारे ऑपरेटरही बोलवा. मी बॅचचे लॉग घेऊन यायला तयार आहे.

आपला,
एक फर्मेंटेशन इंजिनिअर